इंटरनेटवरील नाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळते

व्यापारी बंधूंनी स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा. आपल्या व्हिजिटिंग कार्डावर, बिलबुकावर आणि मालाच्या खोक्यावर वेबसाइटचे जे नाव छापलेले आहे, ते नेमके कोणाच्या नावावर आहे? 'आमचेच आहे, पैसे आम्ही भरले' असे उत्तर बहुतेक जण देतील. मीही हेच उत्तर दिले असते. २०२४ च्या मार्च महिन्यात मला कळले की पैसे माझे होते, पण नाव दुसऱ्याचे होते.

ईदचा सीझन तोंडावर होता. हैदराबादचे आमचे एक जुने व्यापारी आहेत. त्यांचा फोन आला, "शेठ, धंदा बंद केला की काय? ई-मेल परत येतो, वेबसाइटही उघडत नाही." मी हसण्यावारी नेले. नेट बिघडले असेल म्हटले. मग मुलाने मोबाइलवर पाहिले तर आमच्या लुंगी-रुमालाच्या फोटोंच्या जागी कुठल्या तरी जाहिराती, आणि वर इंग्रजीत लिहिलेले की या नावाची मुदत संपली आहे. मुदत फेब्रुवारीतच संपली होती. महिनाभर आमचे इंटरनेटवरील दुकान बंद होते आणि आम्हालाच पत्ता नव्हता. खरे आहे, आपल्या स्वतःच्या वेबसाइटवर आपण कधी जातो?

ही वेबसाइट २०१९ साली मोहल्ल्यातीलच एका मुलाने करून दिली होती. नाव, जागा, फोटो, सर्व मिळून सहा हजार रुपये घेतले. मुलगा प्रामाणिक होता, आजही आहे. पण नाव घेताना जो फॉर्म भरावा लागतो, त्यात मालक म्हणून त्याने स्वतःचे नाव, स्वतःचा ई-मेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाकला, कारण आमच्याकडे त्या वेळी धड ई-मेलही नव्हता. दरवर्षी तो पैसे भरायचा आणि मला सांगायचा, "चाचा, नऊशे रुपये द्या." मी द्यायचो. २०२३ मध्ये तो शारजाला नोकरीला गेला. जुना मोबाइल नंबर बंद झाला, जुना ई-मेल त्याने पाहणे सोडले. मुदत संपत असल्याच्या सूचना नियमाप्रमाणे आल्या, एकदा नव्हे चार वेळा आल्या. पण त्या ई-मेलवर आल्या, जो कोणी उघडत नव्हते.

त्याच्या वडिलांकडून शारजाचा नंबर मिळवला, त्याने रात्री जागून जुना पासवर्ड शोधला. तोपर्यंत साधी मुदत उलटून गेली होती आणि नाव सोडवून घ्यायचा दंड लागला होता. नऊशे रुपयांच्या जागी दंड, वर्षाचे भाडे आणि १८ टक्के जीएसटी मिळून दहा हजारांच्या आसपास गेले. त्याचे दुःख नाही. मधल्या काळात केरळच्या एका पार्टीने चौकशीचा ई-मेल दोनदा पाठवला, दोन्ही वेळा परत गेला, आणि माल त्यांनी दुसरीकडून उचलला. त्याचे दुःख आहे.

तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो. माझे शिक्षण उर्दू शाळेतले, इंग्रजी कागद वाचायला वेळ लागतो. पण कापडाच्या सौद्यातील अटी वाचायची सवय तीस वर्षांची आहे, आणि हा सौदाही शेवटी अटींचाच निघाला.

मिल, एजंट, घाऊक, किरकोळ

'डॉट इन' म्हणजे भारताची खूण. जगातील प्रत्येक देशाला अशी दोन अक्षरांची खूण मिळालेली आहे. ब्रिटनची 'डॉट यूके', पाकिस्तानची 'डॉट पीके'. भारताची खूण १९८९ साली नोंदली गेली आणि सुरुवातीला तिचा कारभार मुंबईत जुहू येथील एनसीएसटी ही सरकारी संस्था पाहत असे. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये सामील झाली. त्या काळात 'डॉट इन' मिळवणे म्हणजे कागदपत्रांची फाइल घेऊन फिरणे. सरळ 'डॉट इन' व्यापाऱ्याला मिळतच नसे, 'डॉट को डॉट इन' घ्यावे लागे. परिणाम असा झाला की २००४ पर्यंत साऱ्या देशात जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. एवढ्या काळात आपल्या व्यापाऱ्यांनी सरळ अमेरिकेचे 'डॉट कॉम' घेतले. तिथे कोणी कागद मागत नव्हते.

२००५ साली दार उघडले. कारभार नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे 'निक्सी', या ना-नफा कंपनीकडे आला. जानेवारीत आधी ट्रेडमार्कवाल्यांना संधी दिली गेली आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून कोणालाही, अगदी परदेशी माणसालाही, 'डॉट इन' मिळू लागले. निक्सीचा त्या वेळचा दर सरळ 'डॉट इन' नावाला वर्षाला ५०० रुपये आणि 'डॉट को डॉट इन' सारख्या नावाला २५० रुपये असा होता. पाच वर्षांत, मार्च २०१० पर्यंत, नावांची संख्या सहा लाखांच्या वर गेली. जी गोष्ट परवान्याने पंधरा वर्षांत झाली नाही ती खुल्या बाजाराने झटक्यात करून दाखवली, हे आपल्यासारख्या बाजारातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

पण हा ५०० रुपयांचा दर तुम्हाआम्हाला नव्हता, हे नीट समजून घ्या. निक्सी स्वतः किरकोळ विक्री करत नाही. ती जणू मिल आहे. तिने मान्यता दिलेल्या कंपन्या आहेत, त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. ते घाऊक व्यापारी समजा. त्यांच्या खाली रीसेलर, म्हणजे किरकोळ दुकानदार. आणि आमच्या बाबतीत त्याच्याही खाली मोहल्ल्यातील तो मुलगा. मिलचा भाव एक असतो, पुढे प्रत्येक जण आपला नफा चढवतो किंवा गिऱ्हाईक ओढण्यासाठी तोटा खातो. म्हणूनच एकाच 'डॉट इन'चा भाव चार ठिकाणी चार प्रकारचा दिसतो.

पहिल्या वर्षाचा भाव हा भाव नव्हे

आता भावाची खरी मेख. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो फक्त पहिल्या वर्षाचा असतो. माझे जुने बिल मी शोधून काढले. २०१९ मध्ये पहिल्या वर्षाला १९९ रुपये होते. दुसऱ्या वर्षापासून तेच नाव नऊशेच्या घरात. उर्दूत ज्याला आम्ही तजदीद म्हणतो, मराठीत नूतनीकरण, त्याचा भाव बारीक अक्षरांत खाली असतो, आणि तोच तुम्हाला पुढची वीस वर्षे भरायचा असतो. सूटही अनेक ठिकाणी अशी असते की तीन वर्षांचे एकदम भरले तर सूट पहिल्या वर्षालाच, उरलेली दोन पूर्ण दराने. त्यात जीएसटी वेगळा. शिवाय हिशेबाच्या पानावर ई-मेल, सुरक्षा, होस्टिंग अशा चार वस्तूंवर आधीच टिक केलेली असते. ती काढली नाही तर बिल तिप्पट. कापड घेताना कोणी न मागितलेले अस्तर बिलात घातले तर आपण बोलतोच ना, इथेही बोलावे.

मुदतीचा नियम 'डॉट इन'ला असा आहे की कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षे. दहा वर्षांचे पैसे एकदम भरले तर मधल्या काळातील भाववाढीतून सुटका होते. दहा वर्षांच्या पलीकडे कोणीही विकत नाही. जो 'कायमचे नाव' देतो म्हणतो तो एक तर अडाणी आहे किंवा लबाड. माझे मत विचाराल तर ज्या नावावर धंदा उभा आहे ते पाच वर्षांसाठी घ्यावे. ज्याची फक्त चाचणी करायची आहे ते एका वर्षासाठी.

भाववाढ होते, हेही गृहीत धरा. 'डॉट कॉम'चे उदाहरण सर्वांना ठाऊक असावे. १९९५ च्या सप्टेंबरपर्यंत अमेरिकेत ही नावे फुकट होती. त्या महिन्यापासून वर्षाला ५० डॉलर प्रमाणे दोन वर्षांचे १०० डॉलर एकदम घेऊ लागले. नंतर स्पर्धा आली आणि दर उतरले. २०१२ पासून 'डॉट कॉम'चा घाऊक दर ७ डॉलर ८५ सेंटवर थांबला होता. २०२१ पासून चार वर्षांत चार वेळा वाढून सप्टेंबर २०२४ मध्ये १० डॉलर २६ सेंट झाला. आपल्याला तर रुपयाच्या घसरणीचा मारही सोसावा लागतो. ब्रिटनच्या 'डॉट यूके'ची रीत निराळी. तिथे पूर्वी एक वर्षाचे नाव मिळतच नसे, दोन वर्षांचेच घ्यावे लागे. २०१२ पासून एक ते दहा वर्षे अशी मोकळीक मिळाली. पाकिस्तानात दोन वर्षांचाच सौदा चालत आला आहे. म्हणजे प्रत्येक देशाच्या खुणेचा घरमालक वेगळा आणि त्याचा भाडेकरारही वेगळा.

काही देशांनी तर या खुणेतून घसघशीत कमाई केली. तुवालू हा प्रशांत महासागरातील चिमुकला देश. त्याची खूण 'डॉट टीव्ही'. टेलिव्हिजनवाल्यांची झुंबड उडाली आणि २००० साली त्याने दहा-बारा वर्षांसाठी पाच कोटी डॉलरचा सौदा केला. त्या पैशाच्या आधारावर तो देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. कॅरिबियन समुद्रातील अँग्विलाची खूण 'डॉट एआय'. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ मध्ये या बेटाला त्यातून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. तिथे नाव कमीत कमी दोन वर्षांसाठी घ्यावे लागते आणि भाव 'डॉट इन'च्या कितीतरी पट. उलट तोकेलाऊ बेटाची 'डॉट टीके' नावे फुकट वाटली गेली. ठगांनी ती ढिगाने उचलली, बदनामी झाली, आणि फुकट वाटणारी कंपनी या धंद्यातून बाहेर पडली. नवीन पोरे आग्रह करतात की 'डॉट एआय' घ्या, 'डॉट स्टोअर' घ्या. लुंगीच्या धंद्याला त्याची गरज मला दिसत नाही. दुसऱ्या देशाच्या खुणेवर दुकान थाटले की त्या देशाचे राजकारणही आपल्या गळ्यात येते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटिश व्यापाऱ्यांची हजारो 'डॉट ईयू' नावे २०२१ मध्ये बंद झाली. त्यांनी भाडे थकवले नव्हते, तरीही.

मुदत उलटल्यावर काय होते

मुदत संपली की नाव त्याच दिवशी दुसऱ्याला जात नाही. आधी काही दिवस रजिस्ट्रार नेहमीच्याच दराने भरून घेतो. हे दिवस किती, ते प्रत्येकाचे वेगळे. वेबसाइट आणि ई-मेल मात्र या काळातच बंद पडू शकतात. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो. गहाण टाकलेला दागिना दंड भरून सोडवावा तसे. आमचे नाव इथे सापडले. तोही काळ गेला की ५ दिवस नाव कोणालाच मिळत नाही आणि मग ते बाजारात मोकळे सुटते. अशी सुटणारी नावे टिपण्यासाठी लोक संगणक लावून बसलेले असतात. जुने, चालते नाव त्यांनी उचलले तर तुमच्याकडे लाखाची मागणी करायला ते कमी करत नाहीत.

यात केवळ छोटेच फसतात असे समजू नका. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेलच्या गिऱ्हाइकांना आत शिरता येईना. शेवटी एका अमेरिकन प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ते भरले. एप्रिल २०२१ मध्ये अर्जेंटिनातील एका तरुण वेब डिझायनरने गुगलचे त्या देशातील नाव, 'गुगल डॉट कॉम डॉट एआर', सरळ मार्गाने २७० पेसोंना विकत घेतले. आपल्या पैशात दोन-अडीचशे रुपये. नाव थोड्याच वेळात गुगलकडे परत गेले, पण गुगलचे परत जाते, तुमचे-आमचे जाईलच असे नाही.

कायदा आपल्या बाजूला अजिबात नाही असेही नाही. मुंबई हायकोर्टाने १९९९ मध्येच रेडिफच्या खटल्यात 'रॅडिफ' असे एका अक्षराच्या फरकाचे नाव घेणाऱ्याला रोखले. २००४ साली सुप्रीम कोर्टाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात स्पष्ट केले की इंटरनेटवरील नावालाही ट्रेडमार्कसारखेच संरक्षण आहे. 'डॉट इन'साठी निक्सीची स्वतःची लवादाची सोय आहे. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : समोरच्याचे नाव आपल्या नावासारखे आहे, त्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले किंवा वापरले. लवाद नाव रद्द करू शकतो किंवा आपल्याला मिळवून देऊ शकतो. पण फी हजारोंत जाते, वकील वेगळा, आणि मार्क्याची नोंदणी नसेल तर हक्क दाखवणे अवघड. आपल्या किती कारखानदारांनी ताग्यावरील मार्का रीतसर नोंदवला आहे? मी स्वतः दंड भरल्यानंतरच अर्ज केला.

आपल्या अक्षरांतील नाव

थोडे विषयांतर. २७ ऑगस्ट २०१४ पासून नाव देवनागरीतही घेता येते. शेवटी 'डॉट इन'च्या जागी 'डॉट भारत'. मराठी त्यात आहे. उर्दू लिपीतील 'भारत' ही खूणही आपल्या देशाकडे आहे, हे मला समजले तेव्हा शाळेतील मौलवीसाहेबांची आठवण झाली. २०२१ मध्ये निक्सीने नव्या 'डॉट इन' बरोबर भारतीय भाषेतील एक नाव मोफत देण्याची योजनाही काढली होती. हौस म्हणून ठीक आहे. पण ई-मेलसाठी त्याचा भरवसा मी धरणार नाही. अनेक कंपन्यांचे फॉर्म असा पत्ता अजून नाकारतात. धंद्याला इंग्रजी अक्षरांतील नावच पुढे ठेवावे लागते, आणि ते फोनवरून सांगितले तर ऐकणाऱ्याला एकदाच लिहिता यावे इतके सोपे असावे. अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढेच त्यात चालते, रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही.

नाव कोणाच्या नावावर

आता मूळ मुद्द्याकडे. फॉर्ममध्ये मालक म्हणून जो लिहिला जातो, त्याचा हक्क. पैसे कोणी दिले हे तिथे कोणी विचारत नाही. पागडीच्या दुकानात भाडेपावती कोणाच्या नावाची हे जसे महत्त्वाचे, तसेच. म्हणून मालकाच्या रकान्यात पेढीचे नाव, जीएसटीच्या दाखल्यावर जसे आहे तसे. ई-मेल असा द्यावा, जो याच नावावर चालत नाही. आमच्यासारखे नाव बंद पडले तर त्या नावावरचा ई-मेलही बंद, मग सूचना येणार कुठे? मोबाइल नंबर घरच्या माणसाचा. वेबसाइट करणाऱ्याचे नाव तांत्रिक संपर्काच्या रकान्यात खुशाल घाला, त्याला कामापुरता पासवर्ड द्या. मुख्य खाते आणि त्याचा ओटीपी आपल्याकडे. यात त्या मुलावर अविश्वास नाही. तिजोरीची किल्ली मुनीमजींकडे नसते, म्हणून मुनीमजी काही चोर ठरत नाहीत.

रजिस्ट्रार बदलायचा असेल तर बदलता येतो. जुन्याकडून एक गुप्त कोड घ्यायचा, नव्याला द्यायचा. बदलीबरोबर साधारणपणे एक वर्षाची मुदत वाढते. कोणी कोड द्यायला टाळाटाळ करत असेल तर तीच धोक्याची घंटा समजून पुढच्या मुदतीच्या आत निघा. मुदत संपत आल्यावर ही खटपट करू नये, दोन महिने हाताशी ठेवावेत.

एक फसवणूकही सांगून ठेवतो. नाव परत मिळाल्यावर महिनाभरात मला एक इंग्रजी ई-मेल आला : चीनमधील एक कंपनी तुमच्याच नावाने 'डॉट सीएन' घ्यायला आली आहे, तुमचा हक्क पहिला, तातडीने पैसे भरा. नुकताच पोळलो होतो, हात पाकिटाकडे गेलाच. माहितगाराला विचारले तेव्हा कळले, ही जगभर चालणारी जुनी युक्ती आहे. असा कोणी नसतो. दुसऱ्या प्रकारात आपल्या नावाचे नूतनीकरणाचे बिल अनोळखी कंपनीकडून येते, दर चौपट. आपला रजिस्ट्रार कोण हे माहीत असेल तर दोन्ही कागद रद्दीत टाकता येतात.

ते पाहायला पैसे लागत नाहीत. 'डॉट इन' रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर 'हू इज' नावाची सोय आहे. तिथे आपले नाव टाकले की रजिस्ट्रार कोण, नोंद कधी झाली, मुदत कोणत्या तारखेला संपते, हे दिसते. मालकाचे नाव तिथे नेहमी दिसेलच असे नाही. ते रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून पाहावे, आणि खात्यात शिरता येत नसेल तर पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला आजच फोन करावा. आमची तारीख मी आता दुकानाचे भाडे आणि मालाच्या विम्याच्या तारखांबरोबर चोपडीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे, दोन महिने आधीची खूण करून. त्या शारजाच्या मुलाचा नवा नंबरही तिथेच आहे.